वांग्याचे नाव : शेतातून जगात, जगातून दफ्तरात

‘पुराणातली वांगी पुराणात’ ही म्हण ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. देवळात पुराण सांगताना पुराणिकबुवांनी वांगे खाण्याचे दोष रसभरीत वर्णन करून सांगितले. श्रोत्यांत त्यांची पत्नीही होती. तिने ते निरूपण मनावर घेतले आणि त्या दिवशी स्वयंपाकातून वांगे वगळले. पानावर बसलेल्या बुवांनी वांग्याच्या भाजीची चौकशी केली, तेव्हा तिने निरूपणाची आठवण करून दिली. त्यावर बुवा म्हणाले, ‘अगं, ती वांगी पुराणातली, ती पुराणातच राहावयाची. आपल्या घरातल्या वांग्यांशी त्यांचा काय संबंध?’ लिहिलेले आणि आचरलेले यांतील अंतर दाखविण्यासाठी मराठीने एवढ्या भाज्यांतून वांग्याचीच निवड करावी, यावरून ही भाजी आपल्या जीवनात किती खोलवर रुजली आहे, याची कल्पना येते.

या वांग्याचे आणखी एक नाव आज आपल्या दफ्तरात रूढ झाले आहे, ते म्हणजे ‘ब्रिंजल’. बियाण्याच्या पाकिटावर, बाजारभावाच्या तक्त्यात, शाळेतील मुलांच्या पुस्तकात हे नाव आढळते. ‘वांगे’ हा घरगुती, खेडवळ शब्द आणि ‘ब्रिंजल’ हा बाहेरून आलेला, शास्त्रीय वळणाचा शब्द, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत खरी नाही. ‘वांगे’ आणि ‘ब्रिंजल’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. एक या मातीतच राहिला. दुसरा इराण, अरबस्तान, स्पेन आणि पोर्तुगाल असा फेरा करून पुन्हा या किनाऱ्यावर उतरला. या प्रवासाची हकीकत मनोरंजक तर आहेच. परंतु पिकांची आणि वाणांची नावे आपण कशी जपावीत, याविषयी ती काही शिकवूनही जाते.

मूळ घर

मराठी स्वयंपाकघरात वांग्याशेजारी नांदणाऱ्या बटाटा, टोमॅटो आणि मिरची या तिन्ही भाज्या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वांग्याच्याच कुळातील. परंतु त्या तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातील असून, १४९२ नंतर युरोपीय दर्यावर्दींच्या हातून जगभर पसरल्या. वांगे मात्र या भूमीचे जुने रहिवासी आहे. त्याचा रानटी पूर्वज भारतात व आग्नेय आशियात आजही आढळतो. हरयाणातील फरमाणा या हडप्पाकालीन स्थळाचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने इतर संस्थांच्या सहकार्याने केले. तेथे मिळालेल्या अवशेषांवरील पिष्टकणांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आले, हळद यांबरोबर वांग्याचेही अंश ओळखण्यात आले. चार हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी या देशात वांगे शिजत होते, असे यावरून दिसते.

एवढ्या जुन्या वनस्पतीला नावेही तितकीच जुनी असावयाची. संस्कृत वाङ्मयात वांग्यासाठी वार्ताक, वार्ताकी, वृन्ताक, भण्टाकी, वातिङ्गण अशी कितीतरी नावे येतात. अमरकोशात वार्ताकीचे पर्याय देताना सिंही व दुष्प्रधर्षिणी असेही शब्द दिले आहेत. सिंही म्हणजे सिंहीण. दुष्प्रधर्षिणी म्हणजे जिच्यावर सहजासहजी हात टाकता येत नाही अशी. काटेरी वांगी तोडताना ज्याची बोटे सोलवटली असतील, त्याला या नावांची यथार्थता वेगळी पटवून देण्याची गरज नाही. ‘वृन्ताक’ या शब्दाचा संबंध ‘वृन्त’ म्हणजे देठ या शब्दाशी जोडला जातो. वांग्याच्या माथ्यावरील हिरवी टोपी आणि जाड देठ पाहता ही जोडणी स्वाभाविक वाटते.

आपल्या ‘वांगे’ या शब्दाचे नाते यांपैकी ‘वातिङ्गण’ या नावाशी आहे. त्यातील ‘वात’ या अवयवावरून वातविकाराशी संबंध असलेली वनस्पती, असा अर्थ काही जण लावतात. परंतु येथे सावधगिरी बाळगावयास हवी. अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा शब्द मुळात संस्कृत नसून द्राविडी भाषांतून संस्कृतात आला असावा. तमिळमधील ‘वळुदुणै’ आणि मल्याळममधील ‘वळुदन’ ही वांग्याची नावे त्यांनी या संदर्भात पुढे ठेवली आहेत. लोकभाषेतील शब्द पंडितांच्या भाषेत शिरला, म्हणजे त्याला व्याकरणाचा पोशाख चढतो आणि मग त्या पोशाखावरून त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न होतो. ‘वातिङ्गण’ हे त्याचेच उदाहरण असण्याची शक्यता आहे. तात्पर्य, वांग्याला पहिले नाव पोथीने नव्हे, तर ते पिकविणाऱ्याने दिले असावे.

तकार लोपला, वकार टिकला

‘वातिङ्गण’पासून ‘वांगे’पर्यंतची वाट मराठी भाषेच्या घडणीचा एक नमुना म्हणून वर्गात सांगता येण्याजोगी आहे. प्राकृतात शब्दाच्या मध्यभागी येणारा एकेरी ‘त’ बहुधा लोप पावतो. ‘माता’ची ‘माय’ झाली, ‘जाती’ या फुलवेलीची ‘जाई’ झाली. त्याच नियमाने ‘वातिङ्गण’चे प्राकृतात ‘वाइंगण’ असे रूप झाले. पुढे मराठीत त्यातील मधला ‘इ’ विरून गेला, शेवटचा ‘ण’ गळाला आणि ‘वांगे’ सिद्ध झाले. गोव्याच्या कोकणीतील ‘वांयगें’ या उच्चारात तो जुना ‘इ’ यकाराच्या रूपाने अजूनही ऐकू येतो.

हिंदीत हाच शब्द ‘बैंगन’ झाला. मराठीने शब्दाच्या आरंभीचा जुना ‘व’ जपला, तर हिंदीने त्याचा ‘ब’ केला. आपले वीस, वाट, वेल हे शब्द तिकडे बीस, बाट, बेल होतात, हे लक्षात घेतले म्हणजे वांगे आणि बैंगन यांचे सख्खेपण स्पष्ट होते. बंगालीत ‘बेगुन’, ओडियात ‘बाइगण’, गुजरातीत ‘वेंगण’, काश्मिरीत ‘वांगुन’ ही सारी त्याच घरातील भावंडे होत. बंगाली माणूस ‘बेगुन’ची फोड ‘बे-गुण’ अशी करून या भाजीत गुणच नाहीत, अशी थट्टा करतो आणि तिचे काप तळून मिटक्या मारीत खातो. पुराणिकबुवांची परंपरा त्या प्रांतीही आहे, असे म्हणावयास हरकत नाही!

संस्कृतातील इतर नावेही लोकभाषांत जिवंत आहेत. ‘भण्टाकी’चा ‘भांटा’ उत्तर प्रदेशाच्या पूर्वभागात, बिहारमध्ये आणि छत्तीसगढमध्ये बाजारात विकला जातो. नेपाळीतही हेच नाव आहे. पंजाबीतील ‘बताऊं’ हा वार्ताक-वृन्ताक या नावांचा वारस होय. दक्षिणेकडे तेलुगूत ‘वंकाय’, कन्नडमध्ये ‘बदनेकायी’ आणि तमिळमध्ये ‘कत्तिरिक्काय’ अशी नावे रूढ आहेत. एका भाजीला इतकी नावे असणे हा भाषेतील गोंधळ नव्हे. ज्या त्या प्रदेशाने ती भाजी आपली मानल्याची ती खूण आहे.

समुद्रापलीकडे

वांगे भारताबाहेर गेले, ते नावासह गेले. इराणी लोकांनी या शब्दाचे ‘बादिंगान’ केले. अरबी भाषेत ‘ग’ हा उच्चार नसल्याने अरबांनी त्याचे ‘बादिंजान’ केले. पुढे अरब सत्तेबरोबर अनेक आशियाई पिके भूमध्य समुद्राच्या काठाने पश्चिमेकडे गेली. त्यांत वांगेही होते. बाराव्या शतकात स्पेनमधील सेव्हिल येथील इब्न अल्-अव्वाम याने अरबीत लिहिलेल्या विस्तृत कृषिग्रंथात वांग्याची लागवड व त्याचे प्रकार यांची माहिती आहे. म्हणजे महाराष्ट्रात यादवांची सत्ता उदयास येत असताना स्पेनमधील शेतकरी वांग्याच्या रोपांना पाणी देत होता आणि आपल्याच एका शब्दाचे अपत्य उच्चारीत होता.

अरबीत नामाच्या आधी ‘अल्’ हे उपपद लागते. ‘अल्जिब्रा’, ‘अल्कोहोल’ या शब्दांत ते चिकटूनच युरोपात गेले. वांग्याच्या बाबतीतही तसेच घडले. ‘अल्-बादिंजान’ या जोडीपासून स्पेनच्या कॅटलान भाषेत ‘आल्बर्जिनिया’ हा शब्द झाला. त्यावरून फ्रेंचांनी ‘ओबेर्जीन’ केले आणि अठराव्या शतकात तो फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. ज्यांनी ‘अल्’ गाळले, त्या स्पॅनिशमध्ये ‘बेरेनखेना’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘बेरिंजेला’ ही रूपे झाली. तुर्कांनी ‘पात्लिजान’ म्हटले, तर रशियनांनी ‘बाक्लाझान’. या सर्व शब्दांच्या पोटात आपला ‘वातिङ्गण’ लपलेला आहे, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या ध्यानात यावयाचे नाही. युल आणि बर्नेल यांनी भारतातील आंग्ल बोलीचा ‘हॉबसन-जॉबसन’ हा प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये प्रकाशित केला. अर्थ न बदलता इतकी रूपांतरे पावलेला शब्द बहुधा दुसरा नसेल, अशा आशयाचा अभिप्राय त्यांनीही या शब्दाविषयी दिला आहे.

इटलीत या शब्दाचे निराळेच झाले. तेथे ‘बादिंजान’च्या आरंभी ‘मेला’ म्हणजे सफरचंद हा ओळखीचा शब्द कल्पून लोक ‘मेलांझाना’ म्हणू लागले. पुढे त्याचीही फोड ‘माला इन्साना’, म्हणजे ‘वेडे फळ’, अशी करण्यात आली. वांग्याच्या कुळात धोत्र्यासारख्या विषारी वनस्पती आहेत आणि युरोपीयांना त्या परिचित होत्या. त्यामुळे या नवागत फळाने माणसाला वेड लागते, अशी भीती काही काळ तेथे प्रचलित होती. १७५३ मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनियस याने वनस्पतींना द्विनाम पद्धतीने शास्त्रीय नावे दिली, तेव्हा त्याने वांग्यासाठी ‘सोलॅनम मेलोंजेना’ हे नाव मुक्रर केले. त्यातील ‘मेलोंजेना’ हा त्याच इटालियन-लॅटिन घराण्यातील शब्द आहे. वांग्याच्या रानटी पूर्वजाच्या ‘सोलॅनम इन्सॅनम’ या नावात तर ते कल्पित वेड अजूनही नोंदलेले आहे. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातील लॅटिन नावसुद्धा दूरच्या नात्याने आपल्या ‘वांगे’ या शब्दाचे आप्त ठरते.

इंग्रजीतील आणखी एका नावाचा येथे खुलासा केला पाहिजे. ‘एगप्लँट’, म्हणजे ‘अंड्याचे झाड’, असे अमेरिकेत वांग्याला म्हणतात. इंग्लंडात अठराव्या शतकात परिचित झालेल्या काही वांग्यांची फळे लहान, पांढरी व कोंबडीच्या अंड्यासारखी होती. त्यांवरून हे नाव पडले. जांभळ्या वांग्यालाही आज तेच नाव लागू केले जाते. एका वाणाचे वर्णन संपूर्ण जातीचे नाव होऊन बसल्याचे हे उदाहरण आहे.

परत आलेला पाहुणा

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे जिंकले. कोकणच्या आणि गोव्याच्या बाजारात त्यांना वांगी दिसली, तेव्हा त्यांनी ती आपल्या परिचित ‘बेरिंजेला’ या नावाने ओळखली. येथील युरोपीय वसाहतींच्या व्यवहारात तेच नाव रुळले आणि त्यावरून इंग्रजांच्या भारतीय बोलीत ‘ब्रिंजल’ हा शब्द तयार झाला. इंग्लंडात हा शब्द फारसा चालत नाही. तेथे फ्रेंच वळणाचे नाव चालते. ‘ब्रिंजल’ प्रामुख्याने भारत, श्रीलंका, मलेशिया, सिंगापूर आणि दक्षिण आफ्रिका येथील इंग्रजीचा शब्द आहे. ज्याला आपण साहेबाचा शब्द समजतो, तो साहेबाच्या देशी परकाच आहे!

हा शब्द येथेच थांबला नाही. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत वांग्याला ‘बिरिंगान्या’ म्हणतात. मॉरिशसमध्ये मराठी भाषकांची जुनी वस्ती आहे; तेथील बाजारात ‘ब्रेंझेल’ हे नाव ऐकू येते. वेस्ट इंडीजमध्ये ‘ब्रिंजल’चे ‘ब्राउन-जॉली’ असे विनोदी रूप झाले. त्याच वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर १८४५ पासून गिरमिटिया मजूर म्हणून भोजपुरी मुलखातील माणसे नेण्यात आली. त्यांनी आपल्याबरोबर ‘बैगन’ हे नाव नेले व ते तेथे आजही चालते. फ्रेंच वसाहतवाल्यांकडून आलेले ‘मेलोंजेन’ हे नावही त्याच बेटावर आहे. एक शब्द हजार वर्षे पश्चिमेकडे चालत राहिला आणि दुसरा जहाजाच्या तळमजल्यावरून मजुराच्या ओठांवर बसून गेला. दोघांची गाठ एका बेटावरच्या भाजीबाजारात पडली. मूळ एकच असल्याचे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हते.

मराठी वापर

मराठीत ‘वांगी’ हा स्त्रीलिंगी शब्द झाडासाठी आणि ‘वांगे’ हा नपुंसकलिंगी शब्द फळासाठी आहे; फळाचे अनेकवचन पुन्हा ‘वांगी’ असे होते. साडीच्या दुकानात ‘वांगी रंग’ म्हटले की निराळे वर्णन करावे लागत नाही. सणावारांतही वांग्याला स्थान आहे. चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य मानणाऱ्या घरांत आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, हे पदार्थ मुद्दाम करून खाल्ले जातात. पुढे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीच्या दिवशी, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखविला जातो आणि मग वांगे पुन्हा पानात येते. पावसाळ्यानंतरचे नवे वांगे त्याच सुमारास बाजारात मुबलक येऊ लागते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

वापर जितका बारकाईचा, तितकी नावेही बारकाईची होतात. भरताचे वांगे वेगळे, भरल्या वांग्याचे वेगळे. काटेरी वांगी, हिरवी वांगी, पांढरी वांगी, झुबक्याची वांगी हे शब्द ज्याच्या त्याच्या गुणावरून आले. कृष्णाकाठची वांगी म्हटली की सांगली-साताऱ्याच्या माणसाला नदीकाठची काळी जमीन आठवते. पुण्याजवळच्या मांजरी गावाचे नाव ‘मांजरी गोटा’ या वाणाने सर्वदूर नेले. खानदेशात यावल तालुक्यातील बामणोदच्या परिसरातील मोठ्या, फिकट हिरव्या, कमी बियांच्या वांग्याचे भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजून, हिरव्या मिरचीसह कुटून केले जाते. ते दुसऱ्या वांग्याचे केले, तर खानदेशी माणूस त्याला भरीत म्हणावयास तयार होत नाही. कृषी विद्यापीठांनी आणि कृषी खात्याने पुढे आणलेल्या वैशाली, प्रगती, अरुणा, कृष्णा या वाणांनीही या नामावळीत भर घातली आहे.

सारख्या नावांचा चकवा

नावांच्या अभ्यासात ध्वनिसाम्याचा मोह टाळावा लागतो. चेहऱ्यावर उमटणाऱ्या काळसर डागांना मराठीत ‘वांग’ म्हणतात. त्यांचा रंग पाहून कोणी ते वांग्यावरून पडलेले नाव समजेल. परंतु तो शब्द आयुर्वेदातील ‘व्यङ्ग’ या रोगनामावरून आला असून त्याचा वांग्याशी काहीही संबंध नाही. सांगली जिल्ह्यात वांगी नावाचे गाव आहे, ठाणे जिल्ह्यात वांगणी आहे. जुन्या कागदपत्रांचा आधार मिळाल्याशिवाय अशा ग्रामनामांची सांगड भाजीशी घालणे योग्य नव्हे.

याच्या उलट, एकच नाव दोन वनस्पतींना लागू होण्याचाही धोका असतो. संस्कृत ग्रंथांतील ‘सिंही’ व ‘वार्ताकी’ ही नावे काही ठिकाणी वांग्याला, तर काही ठिकाणी त्याच्या रानटी भाऊबंदांना, म्हणजे डोरली-रिंगणीसारख्या काटेरी वनस्पतींना, उद्देशून येतात. मराठीत ‘रिंगणी’ ही औषधी रानवनस्पती आहे, तर गुजरातीत ‘रींगण’ म्हणजे खाण्याचे वांगे. सरहद्दीवरच्या तालुक्यात माहिती गोळा करणाऱ्या माणसाने हा भेद ध्यानी न घेतल्यास नोंदच चुकावयाची. म्हणून नावाबरोबर वर्णनही घेणे अगत्याचे ठरते.

नाव हीच नोंद

येथवरचे विवेचन शब्दांचे झाले. परंतु आज या शब्दांमागे मोठा व्यावहारिक प्रश्न उभा आहे. वांग्याच्या उत्पादनात चीननंतर भारताचाच क्रमांक लागतो. तथापि, बाजाराला एकसारखे, दूरवर टिकणारे फळ हवे असल्याने संकरित वाणांचा प्रसार झाला आणि गावोगावची जुनी वांगी मागे पडली. वांग्यात काही प्रमाणात परपरागीभवन होते. शेजारच्या शेतात दुसरे वाण असेल, तर जुन्या वाणाचे बी शुद्ध राखण्यासाठी कोणीतरी निवड करून, फळ पिकू देऊन, बी वेगळे काढावे लागते. हे काम बहुधा घरातील वयस्क स्त्रिया करीत आल्या आहेत. ती निगा थांबली की वाण जाते आणि वाण गेले की त्याचे नावही जाते. क्वचित उलटही घडते. ‘गावठी वांगे’ एवढेच नाव शिल्लक राहते, आणि मग गावात पूर्वी चार प्रकारची गावठी वांगी होती, हेही पुढच्या पिढीला कळत नाही.

नावाला कायद्याच्या दृष्टीनेही मोल आले आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांची नोंदणी करता येते. परंतु वाणाला निश्चित नाव असल्याशिवाय नोंदणी होत नाही. भौगोलिक संकेतांकाच्या बाबतीत तर नाव हीच मालमत्ता. कर्नाटकातील उडुपीजवळच्या ‘मट्टू गुळ्ळ’ या वांग्याला २०११ मध्ये आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये हा संकेतांक मिळाला. गावातील लोकांनी हे नाव पिढ्यान्‌पिढ्या वापरात ठेवले होते, म्हणूनच त्यावर हक्क सांगता आला.

याचे महत्त्व २००९-१० मध्ये विशेष प्रकर्षाने जाणवले. जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याला परवानगी देण्याचा प्रश्न तेव्हा पुढे आला. नागपूरसह देशातील सात शहरांत जाहीर सल्लामसलत झाली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी त्यास स्थगिती दिली. भारत हे वांग्याच्या विविधतेचे माहेरघर आहे, हा मुद्दा त्या चर्चेत ठळकपणे मांडला गेला. या संशोधनासाठी स्थानिक वाणे वापरताना आवश्यक ती संमती घेतली होती काय, असाही प्रश्न पुढे उपस्थित झाला. तंत्रज्ञानाविषयी कोणाचे मत काहीही असो. आपल्याकडे कोणती वाणे आहेत आणि ती कोणी जपली, याची नोंदच नसेल, तर अशा प्रश्नाला उत्तर देणे कठीण होते, एवढे सर्वांना मान्य व्हावे.

ग्रामपंचायत आणि शाळा

यासाठी नवीन यंत्रणा उभारावयाची गरज नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील कलम ४१ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, स्थानिक वाणांचे जतन आणि त्यांविषयीच्या ज्ञानाची नोंद ही त्या समितीची कामे आहेत. या कामी मार्गदर्शन करण्यासाठी नागपूर येथे महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ आहे. समितीने तयार करावयाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत भाजीपाल्याची पाने असतात. त्या पानावर नुसते ‘वांगे’ किंवा ‘ब्रिंजल’ एवढेच लिहिले गेले, तर रकाना भरला जाईल, पण नोंद होणार नाही.

नोंद करताना पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात. गावात त्या वांग्याला काय म्हणतात, ते उच्चारानुसार जसेच्या तसे. फळाचा आकार, रंग व पट्टे. देठावर व पानावर काटे आहेत किंवा नाहीत. रोप केव्हा टाकतात आणि तोडा केव्हा सुरू होतो. त्याचा कोणता पदार्थ करतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आज त्याचे बी गावात कोणाच्या घरी आहे. शुद्धलेखनाच्या आग्रहापायी गावाचा उच्चार बदलू नये. ‘वांयगें’ची ‘वांगे’ अशी दुरुस्ती करणारा लेखनिक आठशे-हजार वर्षांपूर्वीचा एक यकार पुसून टाकीत असतो, हे ध्यानात ठेवावे.

या कामात शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीला घरातील बियाण्यांची नावे विचारून यावे, एवढा गृहपाठ दिला, तरी एका आठवड्यात वहीची कितीतरी पाने भरतील. त्याच निमित्ताने ‘माता-माय’, ‘जाती-जाई’ आणि ‘वातिङ्गण-वांगे’ हा भाषेचा धडा, स्पेन-पोर्तुगाल-गोवे हा भूगोलाचा धडा आणि धोत्रा-वांगे-बटाटा या कुळाचा विज्ञानाचा धडा एकाच भाजीवरून शिकविता येईल.

‘वातिङ्गण’ हा शब्द अर्ध्या जगाची सफर करून ‘ब्रिंजल’ होऊन परतला, तेव्हा आपण त्याला ओळखले नाही. परका पाहुणा समजून दफ्तरात बसविले. त्याने फारसे बिघडले नाही, कारण मूळ ‘वांगे’ घरात शाबूत होते. परंतु शेताच्या बांधावरची, परसातली, नदीकाठची जी नावे आज विसरली जात आहेत, ती कोठल्याही समुद्रमार्गाने परत येणार नाहीत. ती लिहून ठेवावयाची, ती आजच, आणि त्यांचे बीही जपावयाचे. नाहीतर नोंदवहीतली वांगी नोंदवहीत, अशी नवी म्हण पुढची पिढी आपल्या नावावर जमा करील.